पूर्वेकडचा बांध

किलमॉरन, काउंटी वॉटरफोर्ड
३ ऑगस्ट २०२५

मामा,

मुक्ताने तुझ्या पत्राचा फोटो पाठवला. खाली तिचं रडगाणं जोडलेलं होतं: बाबांना ऐकू येत नाही म्हणून फोन घेत नाहीत, स्क्रीनवर वाचणार नाही म्हणून हटून बसलेत, तुझी पत्रं छापून द्यावी लागतात, आणि माझा पोस्टमन झालाय. तिला म्हणावं, लेकीने बापाची पत्रं पोचवली तर पगार मागू नये.

तू विचारलंस, गावात जुनं काय काय आहे. पुरातत्त्व खात्यातून रिटायर झालास तरी खोड जात नाही तुझी. तर ऐक. गावाच्या तोंडाशी बिनछपराचं चर्च आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी सैनिकांनी आत माणसं कोंडून छपराला आग लावली, असं गावात सांगतात. आतल्या भिंती छातीएवढ्या उंचीच्या वर गुलाबी झाल्यात. दगड भाजला की असा होतो, हे तूच मला लहानपणी शिकवलं होतंस. शाळेमागे मातीचा एक उंच ढिगारा आहे. त्यावर कुणा नॉर्मन सरदाराने लाकडी गढी बांधली आणि पहिल्याच हिवाळ्यात इथल्या लोकांनी त्याचं डोकं कापून त्याच्याच फाटकावर लावलं. आता पोरं त्यावरून घसरगुंडी करतात. जे जुनं आहे ते सगळं कुणीतरी कुणालातरी मारल्याचं आहे, आणि पाटीवर मात्र सहलीला यावं अशा थाटात लिहिलेलं असतं.

एकच जागा वेगळी, आणि ती आमच्या घरामागे आहे. इथे तिला राथ म्हणतात. मातीचा गोल बांध, बाहेर खंदक, बांधावर काटेरी झाडं. हजार-बाराशे वर्षांपूर्वी शेतकरी त्याच्या आत घर बांधून गुरं ठेवायचा. शेत एमन पॉवर नावाच्या माणसाचं आहे. साठीकडे झुकलेला, लग्न न केलेला, बोलणं कमी. आमची गाडी पहिल्या वर्षी खड्ड्यात गेली तेव्हा ट्रॅक्टर लावून त्याने काढली आणि आभार मानायच्या आत निघून गेला.

आता जे लिहितेय ते तुला सांगितलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात आमची मुलगी गेली, एवढं तुला माहीत आहे. तिचं काय केलं ते तू विचारलं नाहीस आणि मी बोलले नाही. हॉस्पिटलने एका छोट्या पांढऱ्या पेटीत तिला आमच्या हातात दिलं. आपल्यात एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, पुरतात. पण पुरायचं कुठे? आमच्या अंगणात निम्मं काँक्रीट आणि निम्मी मैल्याची टाकी. एमनची आई नोरा तेव्हा होती, ऐंशीच्या पुढची. तिने दारात माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, राथमध्ये ठेव, आमचीही तिथेच आहेत. पूर्वी बाप्तिस्मा न होता गेलेल्या बाळाला चर्चच्या दफनभूमीत जागा मिळायची नाही. मग बाप खोक्यात घालून राथमध्ये न्यायचा आणि पुरून वर गारगोटीचा पांढरा दगड ठेवायचा. नोराची पहिली मुलगीही तिथे आहे. पूर्वेकडच्या बांधाखाली तिच्या बापाने, सलीलने खणलं, दगड नोराने आणून दिला.

नोरा यंदा ईस्टरच्या सुमारास वारली. तिने हे कुणाला सांगितलं नसणार, तिचा तसा शब्द होता. आणि परवापासून एमनच्या अंगणात पिवळा डिगर उभा आहे. शेणाची मोठी टाकी बांधायची आहे म्हणे, राथकडची जागा हवी. मी विचारलं तर म्हणाला, तू नको काळजी करूस, सगळं ग्रँड होईल, म्हणजे ठीक होईल. मला झोप नाही. सलील तर रात्रंदिवस खिडकीतून तिकडेच बघत असतो, मीटिंग चालू असतानासुद्धा.

काय करू ते लिही.

वृंदा

•

सासवड
६ ऑगस्ट २०२५

वृंदे,

पत्र वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. बाळ कुठे आहे हे मामाला दोन वर्षं सांगितलं नाहीस याचा राग नंतर काढीन. त्या नोराबाईंना नमस्कार. गेल्या असल्या तरी माझा त्यांना नमस्कार.

आता तुझा तो कमी बोलणारा पॉवर. जन्मभर मोजपट्टी घेऊन मी असल्याच लोकांच्या मागे फिरलोय. आज म्हणतात काळजी नको साहेब, उद्या जेसीबी लावतात, परवा कपाळावर हात मारून सांगतात, आम्हाला वाटलं मातीचा ढीग आहे. एका खाणवाल्याने आमच्या वॉचमनला ट्रॉलीखाली घातलं होतं आणि पंचनाम्यात लिहिलं, अपघात. तेव्हा गोड बोलण्यावर जाऊ नकोस.

आपल्याकडचे जुने राजे शहाणे होते. जमीन दान दिली की शिवेवर गधेगळ रोवायचे. वर चंद्र-सूर्य, मधे लेख, आणि खाली जो हे मोडेल त्याच्या आईची गाढवाकडून काय गत होईल त्याचं उघडंनागडं चित्र. इतकी घाण शिवी दगडात कोरलेली मी दुसरी पाहिली नाही. पण मला तो दगड आवडतो. कोरणाऱ्याला शेजाऱ्याचा स्वभाव ठाऊक होता.

आणि इथे कऱ्हेकाठी एक वीरगळ आहे, तुला दाखवली होती, आठवते का? खालच्या चौकटीत गुरं पळवणारे, त्यांच्यासमोर आपला गडी. पोटात भाला आरपार गेलाय तरी एकाचं मुंडकं याच्या मुठीत आहे. कशासाठी मेला? चार गाईंसाठी. त्याला गावाने देव केला. तुझं तर पोर आहे त्या मातीत.

तिथल्या सरकारला आजच कळव. आणि मशीन आलं तर घरात बसून रडू नका, आडवे व्हा. सलीलला हे वाचून दाखव. जावई फार सज्जन माणूस आहे, आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. सज्जनपणाचीही वेळ असते म्हणावं.

दत्तूमामा

•

वॉटरफोर्ड
१४ ऑगस्ट २०२५

मामा,

दोन ओळीच लिहितेय, हॉस्पिटलच्या बाकावर बसून. आज सकाळी एमनने डिगर लावला. पश्चिमेचा बांध गेला. आम्ही धावलो आणि मारामारी झाली. सलीलच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. एमन आत आहे, त्याचं ऑपरेशन चाललंय. माझ्या कपड्यांवर रक्त आहे, ते माझं नाही. गार्डा, म्हणजे इथले पोलीस, सलीलला घेऊन गेले.

पूर्वेकडचा बांध शाबूत आहे.

सविस्तर नंतर लिहीन.

वृंदा

•

सासवड
१६ ऑगस्ट २०२५

वृंदे, पोरी,

रात्रभर येरझारा घातल्या. इथल्या पेपरात रोज येतंय, आयर्लंडमध्ये भारतीय माणसाला रस्त्यात गाठून मारलं, दात पाडले, कपडे फाडले. आणि आता आपल्या घरात. स्वतःच्या बाळाच्या थडग्यासमोर उभ्या असलेल्या माणसाची बोटं मोडतात आणि पोलीस उचलून कुणाला नेतात, तर त्यालाच. वा रे न्याय. त्या पॉवरला सलीलने स्वतःला वाचवताना दोन ठेवून दिल्या असतील तर माझ्याकडून आणखी दोन.

मी हातावर हात ठेवून बसणार नाही. रात्रीच एक कागद लिहिला: गोऱ्या शेतकऱ्याने मराठी इंजिनिअरच्या बाळाची समाधी उकरली आणि अडवायला गेलेल्या बापाला बेदम मारलं. त्याचं नाव आणि गाव स्पष्ट टाकलं आहे. तो कागद डब्लिनला बॉल्सब्रिजमधल्या आपल्या वकिलातीकडे गेला, इथल्या दोन पेपरांकडे गेला. मुक्ताने आपल्या लोकांच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो डब्लिनच्या मराठी मंडळींकडे पोचला. तिथल्या अंबरीश म्हणून कुणाचा तिला फोन आला, पोरं पेटून उठलीत म्हणाला. पेटू देत. तू एकटी नाहीस एवढं त्या गावाला कळलं पाहिजे.

धीर धर.

दत्तूमामा

•

किलमॉरन
१८ ऑगस्ट २०२५

मामा,

काय करून बसलास हे? माझ्या चिठ्ठीत एमनने मारलं असं एका शब्दाने तरी होतं का? तुझा कागद माझ्या फोनवर चाळीस लोकांनी पाठवला आणि प्रत्येकाने खाली हात जोडलेले आहेत. सगळं खोटं आहे. बस आणि नीट वाच.

गुरुवारी सकाळी इंजिनाचा आवाज आला. मी गाऊनवर जॅकेट चढवून पळाले. पश्चिमेच्या बाजूचा पंधरा-वीस पावलांचा बांध उघडा पडला होता, काटेरी झाडं मुळासकट उपटून एका बाजूला टाकलेली. हजार वर्षं उभा असलेला बांध आतून इतका काळा आणि ओला असतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. मी डिगरसमोर जाऊन ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही, मराठीतच असणार. एमनने लगेच इंजिन बंद केलं. खाली उतरला. आवाज अडवायला कानावर लावलेलं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, काय झालं, कुणाला लागलंय का? मामा, त्याच्या हातात दुसरं काही नव्हतं. तो माझ्याशी बोलायला उतरला होता.

सलील त्याच्या मागून आला. फावडं घेऊन. मी पाहिलं त्याला येताना. मी हाक मारली का, हे गार्डा विचारतायत आणि मला सांगता येत नाही. पहिला घाव खांद्यावर बसला. एमन वळला तेव्हा दुसरा पात्याच्या कडेने तोंडावर बसला. तो पडला. मला वाटलं आता संपलं. पण सलील थांबला नाही, त्याने पडलेल्या माणसावर आणखी घाव घातले. एक चुकून डिगरच्या लोखंडावर बसला आणि दांड्यात त्याची बोटं मोडली, म्हणून तो थांबला. एरवी थांबला नसता. मी त्याचे केस धरून ओढत होते आणि तो मला ओळखत नव्हता. ज्या माणसाने दोन वर्षांत एकदाही डोळ्यातून टिपूस काढला नाही, तो लहान मुलासारखा हंबरत होता आणि मारत होता.

मी गाऊनच्या घेराचा बोळा करून एमनच्या डोळ्यावर दाबून धरला. हाताखाली काहीतरी मऊ आणि सैल लागत होतं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी हात काढला नाही. त्याचा डावा डोळा गेला.

तुझं वीरगळीचं पत्र मी सलीलला वाचून दाखवलं होतं. तो भाग त्याने मला परत वाचायला लावला होता.

सलील जामिनावर आलाय. त्याची वकीलबाई खूश आहे. म्हणते, सध्याची हवा बघता ज्युरी तुमच्या बाजूची असेल. शेतकरी अंगावर धावून आला आणि तुमच्या नवऱ्याने स्वतःला वाचवलं, एवढं तुम्ही सांगा, तुम्ही एकट्याच साक्षीदार आहात. सलील माझ्याकडे बघतो फक्त.

मुक्ताला सांग, तो कागद जिथे जिथे टाकलाय तिथून काढ. आजच.

वृंदा

•

सासवड
२० ऑगस्ट २०२५

वृंदे,

मुक्ताने कागद काढला, पण तो आता तिच्या हातात राहिलेला नाही. कुणीतरी त्याला सलीलचा फोटो जोडलाय आणि पुण्यात कुठे मोर्चाही निघाला म्हणे.

तुझं पत्र वाचून मी ते फाडलं. मुक्तालाही फोनमधून पुसायला लावलं. असं काही परत लिहू नकोस. तू भलती खरी आहेस, आईवर गेलीस, पण आत्ता अक्कल चालव. सलील तुरुंगात गेला तर तुमची कागदपत्रं, नोकरी, घर, सगळं पाण्यात. तो गुन्हेगार आहे का? तुलाही ठाऊक आहे, नाही. दोन वर्षं कोंडलेलं दुःख फुटलं, एवढंच. आणि सुरुवात कुणी केली? डिगर कुणी लावला? आज पश्चिम, उद्या त्याने पूर्वेला हात घातला नसता कशावरून?

मी कोर्टाच्या खूप पायऱ्या चढलोय. साक्षीत सगळं सांगायचं नसतं. विचारतील तेवढंच सांग, आणि वकीलबाई सांगेल तसं सांग. नवऱ्याच्या बाजूने उभी राहा. हे मी मामा म्हणून सांगतोय, ऐक.

दत्तूमामा

•

किलमॉरन
२९ ऑगस्ट २०२५

मामा,

रविवारी दुपारी अख्खं गाव हर्लिंगची, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाची, मॅच बघायला मैदानावर होतं. तेव्हा डब्लिनहून एक गाडी आली. संकेत आणि तनय, दोघेही एकेकाळी सलीलच्या ऑफिसात होते, आमच्याकडे गणपतीत जेवून गेलेले. वाटेत प्यायलेले होते. तुझ्या कागदात नाव आणि गाव होतंच, घर विचारायची गरज पडली नाही. आधी एमनच्या घराच्या काचा फोडल्या. मग गोठ्याशेजारी रचलेल्या पेंढ्याला काडी लावली. गाड्या, ट्रॅक्टर जळतील एवढाच त्यांचा हिशेब होता म्हणे. पेंढ्यामागे आजारी वासरं बांधलेली होती, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मला ओरडणं ऐकू आलं. वासरू जळताना माणसासारखं ओरडतं, हे मला माहीत नव्हतं. मी आणि सलील दोघंही धावलो. सलीलने बोटांना प्लास्टर घातलेल्या हाताने गोठ्याची कडी ओढली, ती तापून लाल झाली होती, त्याच्या तळव्याची कातडी तिला चिकटून राहिली. दोन बाहेर आली. एक माझ्या अंगावर येऊन कोसळलं, त्याची पाठ सोलली गेली होती आणि डोळे उघडे होते. बाकीची आतच राहिली. छप्पर पडेपर्यंत त्यांचे आवाज येत होते. संकेत रस्त्यावर उभा राहून ओकत होता. मला म्हणाला, वहिनी, आम्ही तुमच्यासाठी केलं. मी त्याच्या थोबाडीत मारली, दोनदा, आणि तिसऱ्यांदा मारायला हात उचलला तेव्हा मला सलील दिसला, तो माझ्याकडे बघत होता.

गावाने आम्हाला सोडलं नाही, सोडायला नकोच होतं. रात्री आमच्या खिडकीतून वीट आली. दुकानात माझ्यासमोर दार बंद झालं. दोघं पोरं गार्डांच्या ताब्यात आहेत.

मंगळवारी मी एमनला भेटायला वॉटरफोर्डला गेले. नर्स आत सोडेना, पण त्यानेच सोड म्हणून सांगितलं. अर्धं तोंड पट्टीत. मी म्हटलं, तुझी वासरं. तो म्हणाला, सांगितलं मला त्यांनी. शेवटी मी विचारलं, तू पूर्वेकडे कधी खणणार होतास? त्याने उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "तिकडे का खणीन मी? माझी बहीण आहे तिथे," म्हणाला. "आणि तुझी मुलगी. आईने जायच्या आधी सांगितलं मला. मला फक्त पश्चिमेचा तुकडा हवा होता. तिकडे कुणीच नाही."

त्याला सगळं ठाऊक होतं, मामा. मला वाईट वाटेल म्हणून त्याने तोंडातून काढलं नाही. डिगरमधून उतरला तेव्हाही तो मला हेच सांगणार होता. सलीलने त्याला बोलू दिलं नाही.

तिथून मी सरळ गार्डा स्टेशनला गेले आणि पहिल्या घावापासून शेवटपर्यंत जे पाहिलं ते सगळं सांगितलं. सही केली. घरी येऊन सलीलला सांगितलं. त्याने टेबलावरचं काचेचं ताट भिंतीवर फेकलं, मग खाली बसून काचा गोळा केल्या. "पहिला घाव मी रागात घातला," म्हणाला. "बाकीचे मला मारायला आवडत होतं म्हणून घातले. हे पण लिहिलंस का?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मग मला सांगावं लागेल.

तुझं विसाव्या तारखेचं पत्र माझ्याकडे आहे. मी पुसलेलं नाही, पण त्याला उत्तरही देणार नाही.

वृंदा

•

सासवड
११ सप्टेंबर २०२५

वृंदे,

हे चौथं पत्र आहे, आधीची तीन केराच्या टोपलीत आहेत.

मी दुसरा कागद लिहिला. खरं काय झालं ते सगळं त्यात टाकलं: जावयाने मागून घाव घातला, शेतकऱ्याचे हात रिकामे होते, माझा पहिला कागद न विचारता लिहिलेला आणि खोटा होता. खाली सही. पेपरवाल्यांनी छापला नाही, जुनी बातमी म्हणाले. मुक्ताने ग्रुपवर टाकला तर तिलाच ग्रुपमधून काढलं. अंबरीश फोन उचलत नाही. पहिला कागद मात्र अजून फिरतोय, काल माझ्या न्हाव्याने मला तो कानाशी ओरडून वाचून दाखवला आणि विचारलं, काका, हे तुमच्याच भाचीचं ना? मी हो म्हटलं आणि अर्धी दाढी ठेवून उठलो.

वासरांचं वाचल्यापासून मी दूध सोडलंय. त्याने काय होणार आहे, काही नाही. त्या दोन पोरांच्या आया मला फोन करतात. मला ऐकू येत नाही हे त्यांना माहीत नाही. मुक्ता फोन घेते आणि रडते.

जन्मभर दगडांचं रक्षण केलं म्हणून मिरवलं. इथे बसून एका कागदाने मी किती जिवंत जीव जाळले. माफी मागत नाही, तुझ्याजवळ मागायला तोंड नाही.

एक ऐक. सलीलचं जे व्हायचं ते होऊ दे, तू तिथे एकटी राहू नकोस. वरची खोली रंगवून घेतली आहे. बाथरूमही नवं केलंय. पोरीला तिथून काढून आणता येईल का, कायद्याने काही वाट असेल, ते तूच बघ. आणता आलं तर कऱ्हेच्या काठी जागा आहे. आणता नाही आलं तरी तू ये. आपल्या माणसांत ये.

दत्तू

•

किलमॉरन
१९ एप्रिल २०२६

मामा,

सात महिने लिहिलं नाही. तुझी पत्रं येत होती, वाचत होते. मुक्ताला निरोप पाठवत होते की जिवंत आहे. तुझ्यावरचा राग संपलाय असं नाही, पण तो घेऊन जेवता येतं आता.

मार्चमध्ये निकाल लागला. सलीलने गुन्हा कबूल केला आणि वकीलबाईला न विचारता उभा राहून तेच वाक्य बोलला जे मला बोलला होता. कोर्टात कुणीतरी शिवी हासडली. तीन वर्षांची शिक्षा झाली, त्यातलं एक वर्ष स्थगित. दर पंधरा दिवसांनी मी भेटायला जाते. पहिल्या दोन खेपांना तो बाहेर आला नाही. तिसऱ्यांदा आला आणि पहिल्यांदा रडला. मुलीसाठी रडला, उशिरा का होईना. संकेत आणि तनयची केस चालू आहे. एमनलाही बांध पाडल्याबद्दल दंड झाला, त्याने तो भरला.

गेल्या आठवड्यात सरकारी पुरातत्त्व खात्याची बाई आली. तिने एमनसमोर दोन वाटा ठेवल्या. एक, सगळा राथ शास्त्रशुद्ध खणायचा, बाळांची हाडं काढून चर्चच्या दफनभूमीत नीट पुरायची. आता तिथे जागा देतात, फादरांनी स्वतः येऊन सांगितलं. दुसरी, पाडलेला बांध तिच्या देखरेखीखाली परत घालायचा आणि सगळं जसं होतं तसं सोडून द्यायचं. जमीन त्याची, म्हणून त्याने ठरवायचं.

तो माझ्या दारात आला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. आत ये म्हटलं तर आला नाही, पायरीवरच उभा राहिला. डाव्या बाजूला पट्टी, गालावर खालपर्यंत शिवण. म्हणाला, माझ्या बहिणीचं मी ठरवीन, पण तुझी पण आहे. काढायची की राहू द्यायची? तुझं छापून घेतलेलं पत्र माझ्या ओट्यावर होतं, त्यात नव्या खोलीचं, कऱ्हेच्या काठाचं. मी त्याला म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, "नीट विचार कर. राहू दे म्हणालीस तर तुलाही राहावं लागेल. मी एकटा त्यांची राखण करणार नाही. आणि तुझ्या नवऱ्याला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. तो सुटून आला तर या कुंपणापलीकडे पाय टाकायचा नाही त्याने." मी सगळ्याला हो म्हटलं.

तेव्हा मामा, मी येत नाही. वरची खोली भाड्याने दे, चांगली माणसं बघून. तू इकडे यायचं म्हणशील तर ये, पण एमनसमोर उभं राहावं लागेल, आणि तो कागदावरचं तुझं नाव ओळखतो.

उद्या सकाळी माती घालायला सुरुवात आहे. डिगर एमनच चालवणार आहे, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. त्याला डावीकडचं दिसत नाही. म्हणून त्या बाजूला उभं राहून मी त्याला हाताने दाखवणार आहे, कुठे टाकायची आणि कुठे थांबायचं.

वृंदा